एका तबकडीचे पाठभेद

'सुधारून वाढवलेली आवृत्ती' हे शब्द पुस्तकावर दिसले की मराठी वाचक आधी प्रस्तावना उघडतो. काय सुधारले, काय वाढवले, आणि मुख्य म्हणजे जुनी प्रत ठेवावी की देऊन टाकावी, हे त्याला ठरवायचे असते. संगीताच्या तबकड्यांच्याही अशा आवृत्त्या सीडीच्या काळापासून निघत आल्या आहेत. मूळ एलपीतले सगळे, शिवाय कपाटात पडून राहिलेले दोनचार तुकडे, निराळे टेक आणि एक पुस्तिका. रसिक त्या हौसेने विकत घेतात, पण पोथीचे पाठ ताडून पाहावेत तसे त्या ऐकणारे थोडे. तसे ऐकण्यासारख्या एका तबकडीविषयी मला लिहायचे आहे. तिच्यावर नाव एका इंग्रज रॉक गिटारवादकाचे आहे आणि तिचा जवळजवळ निम्मा भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवर, पाच दिवसांत ध्वनिमुद्रित झालेला आहे.

तबकडीचे नाव 'वंडरवॉल म्युझिक'. वादक जॉर्ज हॅरिसन, वय वर्षे २४. बीटल्सच्या चौघांपैकी स्वतःच्या नावावर एलपी काढणारा तो पहिला, आणि बीटल्सनी नव्याने काढलेल्या 'ॲपल' कंपनीचीही ही पहिलीच एलपी. इंग्लंडमध्ये ती १ नोव्हेंबर १९६८ रोजी निघाली. तीनच आठवड्यांनी बीटल्सची पांढऱ्या वेष्टनातली प्रसिद्ध जोडतबकडी आली आणि तिच्या गलबल्यात ही मागे पडली. पुढे १९७० साली हॅरिसनची 'ऑल थिंग्ज मस्ट पास' आली, तेव्हापासून त्याच्या एकल कारकिर्दीची सुरुवात तिथून मोजायची प्रथा पडली. तिच्यात तो गातो, गिटार वाजवतो, म्हणजे रॉकवाल्याने जे करावे ते करतो. 'वंडरवॉल'मध्ये मात्र गाणे असे नाहीच. सगळे वाद्यसंगीत. ज्या तुकड्यात इलेक्ट्रिक गिटार खऱ्या अर्थाने गरजते, त्या 'स्कीइंग'मध्ये वाजवणारा एरिक क्लॅप्टन आहे. गिटारवादकाच्या पहिल्या तबकडीत त्याची गिटार शोधावी लागते, म्हणून ती पहिली नाही असे म्हणणे मला पटत नाही. संगीत कोणी योजले, हा प्रश्न महत्त्वाचा.

योजण्याचे निमित्त चित्रपटाचे होते. जो मॅसो या दिग्दर्शकाचा 'वंडरवॉल' नावाचा पहिलाच मोठा चित्रपट. एक वयस्क, एकलकोंडा शास्त्रज्ञ भिंतीतल्या भोकातून शेजारच्या तरुण मुलीचे आयुष्य पाहत राहतो, एवढीच गोष्ट. शास्त्रज्ञाचे काम जॅक मॅकगाउरनने केले आणि मुलीचे जेन बर्किनने. मे १९६८ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि नंतर फार कोणाच्या लक्षात राहिला नाही. संवाद अगदी कमी. म्हणून संगीताला जागा भरपूर. आपण जे देऊ ते वापरले जाईल, असे आश्वासन मिळाल्यावर हॅरिसनने काम घेतले. चित्रपट पुन्हापुन्हा पाहत, हातात स्टॉपवॉच घेऊन, कुठल्या प्रसंगाला किती सेकंदांचे संगीत लागेल याची टिपणे त्याने केली. लंडनला परिचयातले वादक जमवून पाश्चात्त्य तुकडे केले. त्यात लिव्हरपूलचा रेमो फोर हा वाद्यवृंद प्रमुख होता. उरलेले मोजमाप घेऊन तो ७ जानेवारीला मुंबईकडे निघाला.

मुंबई त्याला नवी नव्हती. १९६६ च्या सप्टेंबरात तो पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकायला आला होता. ताजमहाल हॉटेलात खोट्या नावाने उतरला, तरी ओळखला गेला आणि खाली गर्दी जमली. शेवटी पत्रकार परिषद घेऊन, 'शांतपणे शिकू द्या' अशी विनवणी करून त्याला काश्मीरकडे जावे लागले. त्या मुक्कामात रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांच्याशी त्याचा स्नेह जुळला. रविशंकरांनी मुंबईत सुरू केलेल्या 'किन्नरा' संगीतविद्यालयाचे काम ते पाहत. १९६८ साली वादक गोळा करण्याचे काम त्यांनीच केले.

ध्वनिमुद्रण एचएमव्हीच्या, म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या, फोर्टातल्या स्टुडिओत ९ ते १३ जानेवारी या दिवसांत झाले. त्या जागेविषयी हॅरिसनने पुढे सांगितलेल्या आठवणी मोठ्या बोलक्या आहेत. खोलीला ध्वनिरोधक असे काही नव्हते, रस्त्यावरची वाहने आत ऐकू येत. इमारतीत कचेऱ्या होत्या. संध्याकाळी साडेपाचला त्या सुटल्या की कारकून मंडळींच्या पायांचा जिन्यावर असा धडधडाट होई की वादन थांबवावे लागे. फोर्टात नोकरी करून बोरीबंदरची गाडी गाठणाऱ्या पिढीतल्या कुणालाही तो आवाज वेगळा समजावून सांगायला नको. कंपनीचे प्रमुख भास्कर मेनन होते. पुढे अमेरिकेतल्या कॅपिटल रेकॉर्ड्सची आणि नंतर जगभरच्या ईएमआय संगीतव्यवसायाची धुरा सांभाळणारे तेच हे मेनन. त्यांनी या कामासाठी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र मागवून दिले.

दोन ट्रॅक म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. लंडनला त्या वेळी चार ट्रॅकची यंत्रे वापरात होती. एका ट्रॅकवर ढोल, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर आवाज असे वेगळे भरायचे, चुकले तर तेवढेच पुन्हा करायचे, आणि कोणाचा आवाज किती मोठा हे नंतर निवांत ठरवायचे. दोन ट्रॅकवर ही चैन नाही. डावी बाजू आणि उजवी बाजू, बस. सगळे वादक एका खोलीत बसून एकदम वाजवणार. सनई मोठी वाटली तर सनईवाल्याला मागे सरकवायचे, संतूर दबले तर माइक जवळ न्यायचा. तोल वाजवताना साधायचा, नंतर नाही. त्यामुळे अशा ध्वनिमुद्रणात 'दुसरा टेक' म्हणजे त्याच वादनाची वेगळी सरमिसळ नसते. ते दुसऱ्यांदा, सगळ्यांनी मिळून, अथपासून इतिपर्यंत केलेले वादन असते. पोथीच्या भाषेत सांगायचे तर तो लेखनिकाचा हस्तदोष नसून खरा पाठभेद असतो.

इंग्रजीतल्या लेखनात या मुंबईच्या बैठकांचे वर्णन बहुधा 'पूर्वेचे पारंपरिक संगीत आणि पश्चिमेचे तंत्र' अशा थाटात येते. मला ते अर्धवट वाटते. एका तरुण गोऱ्या माणसाने स्टॉपवॉच दाखवून 'एवढ्या सेकंदांत किरवाणी' मागितला म्हणून आपले वादक बुचकळ्यात पडले असतील, अशी कल्पना करणाऱ्याला मुंबई ठाऊक नाही. याच शहरात ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर, तीन-सव्वातीन मिनिटांत, अब्दुल करीम खाँसाहेबांनी राग उभे करून ठेवले होते. चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात तर नायिकेने दार उघडले की सतार आणि बंद केले की सारंगी, हे सेकंदाच्या हिशेबात रोज चालत होते. शिवकुमार शर्मा या तबकडीत संतूर वाजवतात. त्याच्या तीनच वर्षे आधी 'गाइड'मधल्या एका गाण्यात ते तबल्यावर होते. या मंडळींना स्टॉपवॉचचे भय नव्हते. नवे होते ते वेगळे. मागणारा संगीतकार स्वरलिपी घेऊन आला नव्हता, आणि नायिकेच्या अश्रूंसाठी नेमके काय वाजवा हे सांगतही नव्हता. प्रसंगाचा भाव सांगून तो वादकांना आपल्या वाटेने जाऊ देत होता, आणि मग त्यातून निवडत होता.

निवड कशी झाली ते तुकड्यांच्या लांबीवरून दिसते. 'गत किरवाणी' जेमतेम सव्वा मिनिटाचे. मूळचा कर्नाटकी मेळ, हिंदुस्थानी वाद्यवाल्यांनी आपलासा केलेला, आणि इथे सरोद-सतार थेट द्रुत गतीत शिरतात, आलापाचे नावही नाही. 'क्राइंग'ही तेवढेच, आणि त्यात तारशहनाई. हे वाद्य नव्या वाचकाला माहीत नसेल. इसराजासारखे गजाने वाजवायचे तंतुवाद्य, पण आवाज मोठा करण्यासाठी त्याला जुन्या ग्रामोफोनसारखा कर्णा जोडलेला. आवाज सनईच्या अंगाचा येतो, म्हणून नाव तारशहनाई. विनायक व्होरा हे मुंबईतले त्याचे नामांकित वादक. रडण्याच्या प्रसंगाला हॅरिसनने व्हायोलिन न घेता हे कण्हणारे वाद्य घेतले, एवढ्यावरून त्याच्या कानाची पारख व्हावी. 'लव्ह सीन'मध्ये आशिष खाँ यांची सरोद स्वतःशीच बोलते. एकदा वाजवलेले ऐकत त्यावर दुसऱ्यांदा वाजवायचे, ही जुगलबंदी त्यांच्यासाठी नवी होती. चार मिनिटांच्या या तुकड्यात ती इतकी सहज उतरली आहे की न सांगता कळत नाही.

आता नावांकडे येतो. या एलपीच्या वेष्टनावर मुंबईच्या वादकांची नावे वाद्यांसह छापलेली आहेत, आणि १९६८ साल लक्षात घेता ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडच्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर त्या काळी सतार कोणी छेडली, बासरी कोणाची, याचा पत्ता नसे. पण छापताना कसे छापले? शिवकुमार शर्मांचे आडनाव 'शेरमर' झाले. सूरबहार वाजवणारे चंद्रशेखर नारिंग्रेकर नुसते 'चंद्र शेखर' उरले, आडनाव गळाले. नारिंग्रे हे देवगड तालुक्यातले गाव. त्या आडनावाचा माणूस बीटलच्या पहिल्या तबकडीत आहे, हे कोकणातल्या वाचकाला वेष्टनावरून कधीच कळले नसते. बासरीवादक एस. आर. केंकरे मात्र नीट उतरले. आणि सनईला दोन नावे आहेत, शरद आणि हनुमान. आडनाव 'जदेव' असे वाचावे लागते.

रोह्याजवळच्या एका गावात सत्तरीतले एक सनईवादक आहेत. लग्नसराई आणि पालखीचे दिवस त्यांचे बांधलेले असतात. मागच्या वर्षी त्यांना मी या तबकडीचा पहिला तुकडा ऐकवला. त्याचे नाव 'मायक्रोब्ज', म्हणजे सूक्ष्मजंतू, कारण चित्रपटातला प्रोफेसर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेला असतो. साडेतीन मिनिटे सनई. काका डोळे मिटून ऐकत होते. "दोघे आहेत," ते म्हणाले. "आणि सूर पेटीवर धरलाय. आपल्यात सूर धरायला सनईवालाच बसतो." मग विचारले, "कोण वाजवतंय?" वेष्टनावरचे नाव मी जसे छापले आहे तसे वाचून दाखवले. ते हसले. "जाधव असतील हो ते. तिकडच्या माणसाला काय कळतंय." हा पुरावा नव्हे, हे मला समजते. इंग्रजीत एक अक्षर इकडचे तिकडे झाले की जाधवचे जदेव होते, एवढेच त्यावरून म्हणता येते. पण मराठी कानाला जे अर्ध्या मिनिटात सुचते, ते पन्नास वर्षे बीटल्सवर ग्रंथ लिहिणाऱ्यांना सुचण्याचे कारण नव्हते.

पेणला राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. इथल्या आणि हमरापूर-जोहे परिसरातल्या कारखान्यांतून गणेशमूर्ती मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत जातात. मूर्तीचा सगळा जीव डोळ्यांच्या आखणीत असतो, आणि आखणी करणारा हात प्रत्येक कारखान्यात ओळखता येतो, निदान कारखान्यातल्यांना. गिऱ्हाईकाच्या घरी पोचते तेव्हा ती फक्त 'पेणची मूर्ती' असते. तिथे गावाचे नाव तरी जाते. मोबाइलवर आज 'मायक्रोब्ज' लावले तर पडद्यावर एकच नाव येते, जॉर्ज हॅरिसन, आणि सनई त्याने वाजवली असे कुणा पोराला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

तर वाढीव आवृत्ती. सीडीवर ही तबकडी पहिल्यांदा १९९२ साली आली. सप्टेंबर २०१४ मध्ये हॅरिसनच्या १९६८ ते १९७५ या काळातल्या सहा तबकड्यांचा 'द ॲपल इयर्स' नावाचा संच निघाला. मुलगा धनी हॅरिसनच्या देखरेखीखाली मूळ फितींवरून सगळे पुन्हा स्वच्छ केले गेले. त्यात 'वंडरवॉल म्युझिक'च्या १९ तुकड्यांमागे आणखी तीन जोडले. आपल्याकडे महाभारताची चिकित्सक आवृत्ती भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली, तेव्हा स्वीकारलेला पाठ वर आणि पाठभेद तळाशी, अशी मांडणी ठेवली. कानाला तळटीप देता येत नाही. म्हणून तबकडीवाले पाठभेद शेवटी जोडतात.

या जोडण्याबद्दल माझी एक तक्रार आहे. मूळ एलपी 'सिंगिंग ओम' या तुकड्यावर संपते. पेटी, बासरी आणि ओंकाराचा घोष, दोन मिनिटांच्या आत. हॅरिसनने शेवट विचारपूर्वक केला होता. वाढीव आवृत्तीत ओंकार विरतो न विरतो तोच रेमो फोरचे 'इन द फर्स्ट प्लेस' हे गाणे सुरू होते. गाणे वाईट नाही. कॉलिन मॅन्ली आणि टोनी ॲश्टन यांनी ते रचले, ध्वनिमुद्रण हॅरिसनच्या देखरेखीत झाले, पण चित्रपटात ते घेतले गेले नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मॅसो आपला चित्रपट दुरुस्त करत असताना जुन्या फितीत ते सापडले. दस्तऐवज म्हणून मोलाचे. पण कीर्तन संपून आरती झाल्यावर कुणीतरी पुन्हा टाळ घ्यावेत, तसे होते. मी शेवटच्या तीन तुकड्यांआधी थांबतो आणि ते वेगळ्या दिवशी ऐकतो.

दुसरी भर 'ऑलमोस्ट शंकरा'. हे मुंबईचे. शीर्षक शंकरा रागाकडे बोट दाखवते आणि त्याच दमात 'जवळजवळ' म्हणून कानाला हातही लावते. एलपीत सव्वा-सव्वा मिनिटांचे राग ऐकल्यावर इथे वादक किती मोकळे झाले होते ते कळते. हॅरिसनने वापरले त्याहून कितीतरी अधिक त्या पाच दिवसांत वाजले असणार, आणि ते वाजवणाऱ्यांना चित्रपटाच्या पडद्याशी देणेघेणे नसावे, असे मला हा तुकडा ऐकताना वाटते.

तिसरी भर सर्वांत महत्त्वाची: 'द इनर लाइट'चा वेगळा, गाण्यावाचूनचा टेक. हे मुळात या तबकडीतले नाही. मुंबईतले काम आटोपत आले तेव्हा हॅरिसनने हाताशी असलेल्या वादकांकडून बीटल्ससाठी एका गाण्याचे वाद्यसंगीत करून घेतले. केंब्रिजचे संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो यांनी त्याला 'ताओ ते चिंग'मधल्या एका प्रकरणाला चाल लावण्याचे सुचवले होते. घराबाहेर न पडता जग जाणता येते, हा त्या प्रकरणाचा आशय. फीत लंडनला नेऊन फेब्रुवारीत त्यावर आवाज चढवला गेला, आणि मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला हे गाणे आले. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर हॅरिसनचे गाणे येण्याची ही पहिलीच वेळ. मुंबईत बनलेले बीटल्सचे संगीत ते हेच. त्या तबकडीवर वादकांची नावे नव्हती. अभ्यासकांनी पुढे ती जुळवली: सरोद आशिष खाँ, पखवाज महापुरुष मिश्र, सनई हनुमान, पेटी रिजराम देसद, आणि बासरी हरिप्रसाद चौरसिया. यांतले चौरसिया आणि देसद, तसेच शिवकुमार शर्मा, १९७४ साली हॅरिसनने युरोपात नेलेल्या रविशंकरांच्या वाद्यवृंदात पुन्हा दिसतात. म्हणजे फोर्टातली ती ओळख पाच दिवसांची नव्हती.

वाढीव आवृत्तीतल्या या टेकच्या सुरुवातीला स्टुडिओतले बोलणे राहू दिले आहे. हॅरिसन वादकांना सूचना देतो आहे. मग वादन सुरू होते, आणि प्रसिद्ध पाठ कानात असलेल्या माणसाला पावलोपावली फरक जाणवतो. गाणाऱ्या आवाजाखाली जे दबून गेले होते ते पुढे येते. कडव्यांच्या जागी काय चालले होते ते उघडे पडते. दोन ट्रॅकच्या यंत्रामुळे हा संपूर्ण वेगळा प्रयोग आहे, हे वर सांगितले ते इथे कानांनी पडताळता येते. १९६८ च्या एलपीत हॅरिसनचा आवाज कुठेच नव्हता. २०१४ च्या आवृत्तीत तो ऐकू येतो, पण गाताना नाही, तर मुंबईच्या वादकांशी बोलताना.

ऐकायचे असेल तर क्रम असा धरावा. आधी हा बिनगाण्याचा टेक, हेडफोन लावून. त्यामागोमाग 'लेडी मॅडोना'च्या पाठीमागचे मूळ गाणे. मग 'मायक्रोब्ज' आणि 'लव्ह सीन'. 'ड्रीम सीन' हा लंडनच्या फितींची उलटसुलट चिकटकामे करून बनवलेला साडेपाच मिनिटांचा तुकडा सवडीने ऐकला तरी चालेल. 'सिंगिंग ओम' संपले की यंत्र बंद करावे.